हॅम रेडिओच्या संगणकावर कोणती ऑपरेटिंग सिस्टीम टाकावी?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला आणि अनेक हॅमच्या (हौशी रेडिओ चालकांच्या) शॅकमधले, म्हणजे रेडिओच्या खोलीतले, धडधाकट लॅपटॉप एकदम ‘जुने’ ठरले. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर तिच्या अधिकृत यादीत जवळजवळ नाहीच. त्यामुळे प्रत्येक व्हॉट्सॲप गटात एकच प्रश्न फिरतो आहे: नवीन लॅपटॉप घ्यायचा, की असलेल्यावर लिनक्स टाकायचं? नुकताच एसॉकचा (हौशी रेडिओचा) परवाना मिळालेले व्हीयू३वालेही (ज्यांचं कॉलसाइन व्हीयू३ने सुरू होतं ते) विचारतात, विंडोज बरं की लिनक्स?

माझं उत्तर ठरलेलं आहे: ऑपरेटिंग सिस्टीम शेवटी निवडा. आधी काम ठरवा, मग सॉफ्टवेअर, मग रिग (रेडिओ संच) आणि केबल तपासा. एवढं झालं की सिस्टीमचा निर्णय बहुतेक वेळा आपोआप लागतो. उलट्या क्रमाने गेलात, तर सिस्टीम सांभाळण्यातच रविवार जातो आणि बँड उघडा असताना आपण ड्रायव्हर शोधत बसतो.

पायरी १ : कागदावर कामं लिहा

अगदी खरोखर कागद घ्या आणि येत्या वर्षभरात संगणकाकडून काय करून घ्यायचं आहे ते लिहा. एफटी८ (क्षीण सिग्नलवरही चालणारा डिजिटल मोड)? लॉग (झालेल्या संपर्कांची नोंद) ठेवणं? कॉन्टेस्ट (जास्तीत जास्त संपर्क करण्याची स्पर्धा)? हँडहेल्ड सेटमध्ये चॅनेल भरणं? आरटीएल-एसडीआर डोंगलवर (यूएसबीला जोडायच्या छोट्या रिसीव्हरवर) उपग्रह ऐकणं? आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाकडून १४५.८०० मेगाहर्ट्झवर येणारी एसएसटीव्ही (आवाजाच्या रूपात पाठवलेली स्थिर) चित्रं? एपीआरएस (रेडिओवरून ठिकाण आणि छोटे संदेश पाठवणं)? रेडिओवरून ईमेल?

‘सगळंच’ असं लिहू नका. जे काम महिन्यातून एकदा तरी होणार आहे, तेवढंच ठेवा. सिस्टीम निवडताना अडवणूक करणारं काम बहुतेकांच्या यादीत एखाद-दुसरंच असतं, आणि ते ओळखणं हाच या कागदाचा उपयोग.

पायरी २ : ज्याला पर्याय नाही ते सॉफ्टवेअर ओळखा

कामांसमोर सॉफ्टवेअरची नावं लिहा. त्यांचे तीन गट पडतात.

पहिला गट सगळीकडे चालणाऱ्यांचा. एफटी८चं मुख्य सॉफ्टवेअर डब्ल्यूएसजेटी-एक्स यातच येतं. नोबेल पारितोषिक विजेते खगोलभौतिकशास्त्रज्ञ जो टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते घडवलं. ते मुक्त स्रोत आहे आणि विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर सारखंच काम करतं. पीएसके३१, आरटीटीवाय अशा मजकूर पाठवणाऱ्या मोडसाठी एफएलडिजी, रिग हाताळायला एफएलरिग, नकाशावर स्टेशनं दाखवणारं ग्रिडट्रॅकर, हँडहेल्डमध्ये चॅनेल भरणारं चर्प, पॅकेट आणि एपीआरएससाठी डायरवुल्फ, एसडीआरसाठी एसडीआर प्लस प्लस, लॉटडब्ल्यूवर (संपर्कांची पुष्टी देणाऱ्या ऑनलाइन सेवेवर) लॉग चढवणारं टीक्यूएसएल ही सगळी तिन्ही ठिकाणी मिळतात. तुमची यादी इथेच संपत असेल, तर अभिनंदन: तुम्ही मोकळे आहात.

दुसरा गट फक्त विंडोजचा, आणि खरी अडचण इथे आहे. कॉन्टेस्टवाल्यांचं एन१एमएम लॉगर प्लस, एफटी८च्या सूचना देणारं जेटीअलर्ट, लॉगिंगचं लॉग४ओएम, पैसे देऊन घ्यायचं हॅम रेडिओ डीलक्स, रेडिओवरील ईमेलचं विनलिंक एक्स्प्रेस, त्यासोबत वापरला जाणारा वारा हा सॉफ्टवेअर मोडेम, एसडीआर शार्प, एमएमएसएसटीव्ही, आणि एकाच रिगशी अनेक प्रोग्रॅम जोडणारं ऑम्नीरिग. विनलिंकला पॅट नावाचा सगळीकडे चालणारा पर्याय आहे, एमएमएसएसटीव्हीऐवजी लिनक्सवर क्यूएसएसटीव्ही आहे, एसडीआर शार्पऐवजी एसडीआर प्लस प्लस किंवा जीक्यूआरएक्स चालतं. पण एन१एमएमला तोडीस तोड असं लिनक्सवर काही नाही असं माझं स्पष्ट मत आहे. वर्षातून दोन-चार कॉन्टेस्ट गंभीरपणे खेळणार असाल, तर विंडोजच घ्या आणि पुढच्या वादात पडू नका.

तिसरा गट लहान आहे. लिनक्सवर लॉगसाठी सीक्यूआरलॉग, मॅकवर रमलॉग-एनजी आणि मॅकलॉगर-डीएक्स. चांगली सॉफ्टवेअर आहेत, पण त्यांच्यासाठी म्हणून कोणी सिस्टीम बदलावी असं मला वाटत नाही.

‘वाईन टाकून विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवू’ असं अनेक जण सुचवतात. चालतात, वारासुद्धा चालवता येतो. पण कॉम पोर्टची जोडणी हाताने करावी लागते आणि एखाद्या अपडेटनंतर गाडी पुन्हा अडते. व्हर्च्युअल मशीनमध्ये (लिनक्सच्या आत चालवलेल्या विंडोजमध्ये) यूएसबी आणि आवाज दोन्ही एक जादा थर ओलांडून येतात, त्यामुळे वेळेला काटेकोर असलेल्या डिजिटल मोडसाठी ती वाट मी टाळतो. हँडहेल्डचं प्रोग्रॅमिंग वगैरे एखाद्या कामापुरती ती ठीक आहे.

पायरी ३ : रिग आणि केबल

सिस्टीमवरून होणारी निम्मी भांडणं खरं तर केबलमधल्या चिपची असतात. रिग संगणकाला जोडली की दोन गोष्टी दिसायला हव्यात: कॅट कंट्रोल (संगणकावरून रिग हाताळणं) आणि पीटीटीसाठी (प्रक्षेपण चालू-बंद करण्यासाठी) सिरीयल पोर्ट, आणि आवाजासाठी यूएसबी साऊंड कार्ड. आयकॉमच्या आयसी-७३०० सारख्या रिगमध्ये दोन्ही आतच असतात आणि एका केबलवर भागतं. जुन्या रिगला बाहेरून इंटरफेस लावावा लागतो.

आयसी-७३००मधली सिलिकॉन लॅब्जची चिप लिनक्सचं कर्नल आधीपासून ओळखतं, वेगळा ड्रायव्हर टाकावा लागत नाही. विंडोजवर निर्मात्याचा ड्रायव्हर आधी टाकून मग केबल जोडावी. येसूच्या एफटी-९९१ए सारख्या रिग दोन पोर्ट दाखवतात, त्यातला ‘एन्हान्स्ड’ नावाचा पोर्ट कॅटसाठी निवडायचा. दुसरा निवडला तर रिग ढिम्म राहते आणि दोष सिस्टीमवर जातो.

स्वस्त हँडहेल्डच्या प्रोग्रॅमिंग केबलची गोष्ट वेगळीच. त्यांत बऱ्याचदा प्रोलिफिकच्या जुन्या चिपची नक्कल असते. विंडोजवर केबल लावा, डिव्हाइस मॅनेजर उघडा, ‘पोर्ट्स’ची शाखा पाहा. पोर्टच्या नावाजागी ही चिप २०१२पासून बंद झाली आहे, विक्रेत्याशी संपर्क साधा अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य, किंवा पिवळा त्रिकोण आणि ‘कोड १०’ दिसला, तर नव्या ड्रायव्हरने चिप नाकारली आहे. ड्रायव्हर बदलण्याच्या पर्यायात जाऊन यादीतला जुना ड्रायव्हर निवडला की बहुधा काम होतं. तीच केबल लिनक्सला जोडली तर सहसा काही न करता चालते. पण माझा आग्रह आहे की केबल नवी घेणार असाल तर थोडे जास्त पैसे देऊन एफटीडीआय चिपची घ्या. हा प्रश्नच कायमचा मिटतो.

आरटीएल-एसडीआर डोंगललाही दोन्हीकडे एक छोटा संस्कार लागतो. विंडोजवर झाडिग नावाच्या उपयोजनाने त्याचा ड्रायव्हर बदलायचा. लिनक्सवर कर्नल त्याला टीव्हीचं डोंगल समजून स्वतःकडे घेतं, तो टीव्हीचा ड्रायव्हर ब्लॅकलिस्टमध्ये टाकायचा.

पायरी ४ : हाताशी असलेला संगणक

एफटी८ला फार ताकदवान यंत्र लागत नाही. पण १५ सेकंदांच्या फेरीत प्रत्यक्ष प्रक्षेपण १२.६४ सेकंदांचं असतं आणि उरलेल्या जेमतेम दोन-अडीच सेकंदांत संगणकाला सगळे सिग्नल उलगडायचे असतात. संध्याकाळी १४.०७४ मेगाहर्ट्झवर गर्दी असली की जुन्या यंत्राची दमछाक होते. डिकोड मेनूत ‘डीप’ऐवजी ‘नॉर्मल’ किंवा ‘फास्ट’ ठेवलं तर दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉपही सांभाळून नेतो. चार जीबी रॅमवर विंडोज १० ओढत असेल, तर त्याच यंत्रावर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती मोकळा श्वास घेते.

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाबद्दल खूप विचारलं जातं. चोवीस तास चालणारं एपीआरएसचं आयगेट (रेडिओवरचे संदेश इंटरनेटवर पोहोचवणारं स्टेशन), किंवा छतावर ठेवायचा एसडीआर रिसीव्हर यासाठी पाय उत्तम. मुख्य शॅकसाठी मात्र माझी पसंती जुन्या लॅपटॉपलाच आहे. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, आणि गावाकडे भारनियमन असलं की अचानक वीज जाऊन पायचं एसडी कार्ड खराब होण्याचा धोका असतो. शिवाय पाय ४ आणि त्याआधीच्या मॉडेलमध्ये वीज गेल्यावर वेळ जपणारं घड्याळ नाही. इंटरनेट नसलेल्या डोंगरावर ते चालू केलं की चुकीची वेळ दाखवतं, आणि एफटी८साठी ते घातक आहे.

पायरी ५ : पेन ड्राईव्हवरून चाचणी

लिनक्सकडे वळत असाल तर आधी काहीही पुसू नका. मिंट किंवा उबुंटूची फाईल आठ जीबीच्या पेन ड्राईव्हवर लिहा, लॅपटॉप त्यावरून सुरू करा आणि ‘ट्राय’ हा पर्याय घ्या. डिस्कवरच्या विंडोजला धक्का लागत नाही.

मग तीन गोष्टी क्रमाने पाहा. वायफाय चालतं का? रिग जोडल्यावर आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी ऑडिओ कोडेक’ असं उपकरण दिसतं का? सिरीयल पोर्ट तयार होतो का? तिन्हीला हो आलं, तर यंत्र लिनक्ससाठी योग्य आहे. वायफायच अडलं, तर इंटरनेटवरच्या शंभर युक्त्यांमागे लागण्याआधी यूएसबी वायफाय डोंगलची किंमत पाहा.

कुठलं लिनक्स? नवख्याने मिंट घ्यावं. जाणकाराला डेबियन आवडेल, त्यात हॅम रेडिओच्या पॅकेजेसचा स्वतंत्र संचच आहे. एक मात्र पाहा: वितरणाच्या भांडारातली डब्ल्यूएसजेटी-एक्सची आवृत्ती जुनी असू शकते. डिसेंबर २०१८मध्ये आवृत्ती २.० आली तेव्हा एफटी८चा संदेशच बदलला आणि जुन्या आवृत्तीवाल्यांना बँडवर कोणीच दिसेनासं झालं. म्हणून शंका आली की प्रकल्पाच्या स्वतःच्या पानावरून नवं पॅकेज उतरवा.

पायरी ६ : बसवल्यानंतरची कामं

विंडोजवर सर्वांत आधी आवाज. रिगचं साऊंड कार्ड ‘डीफॉल्ट’ राहिलं तर व्हॉट्सॲपची टिंग आणि विंडोजचे इशारे थेट हवेत जातात. स्पीकर म्हणून लॅपटॉपचाच स्पीकर ठेवा आणि रिगचं कार्ड फक्त रेडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये निवडा. दोन्ही दिशांना ४८००० हर्ट्झ, १६ बिट ठेवा आणि आवाज सुधारणारे सगळे पर्याय बंद करा. गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये मायक्रोफोनची परवानगी चालू आहे का पाहा. डब्ल्यूएसजेटी-एक्सच्या डावीकडचा आवाजाचा काटा बँडच्या नुसत्या गोंगाटावर ३० डीबीच्या आसपास असावा. मोठ्या अपडेटनंतर ही पातळी कधी कधी पूर्ववत होते, तेव्हा आधी इथेच नजर टाका. यूएसबीची वीज वाचवणारा ‘सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा, आणि अपडेटची वेळ तुमच्या ऑपरेटिंगच्या वेळेबाहेर ठेवा. कॉम पोर्टचा क्रमांक यूएसबीचं भोक बदललं की बदलू शकतो, म्हणून केबल नेहमी त्याच जागी लावा आणि तिथे रंगीत टेप चिकटवा.

लिनक्सवर पहिला अडथळा ठरलेला आहे: सॉफ्टवेअर म्हणतं पोर्ट उघडता येत नाही. कारण साधं आहे, सिरीयल पोर्ट वापरायची परवानगी ‘डायलआऊट’ नावाच्या गटाला असते आणि तुमचं खातं त्या गटात नसतं. खातं गटात घाला, लॉग आऊट करून पुन्हा आत या. दुसरा अडथळा उबुंटू २२.०४वर गाजला. सीएच३४० चिपची केबल लावली की क्षणभर पोर्ट दिसतो आणि गायब होतो. अंध वापरकर्त्यांच्या ब्रेल यंत्रासाठी असलेली बीआरएलटीटीवाय ही सेवा त्या चिपला ब्रेल यंत्र समजून ताब्यात घेते. घरात ब्रेल यंत्र नसेल तर ती सेवा काढून टाका. तिसरी गोष्ट, मोडेम मॅनेजर. ही सेवा कधी कधी नव्या पोर्टला मोडेम समजून चाचपते, आणि पीटीटी सिरीयल पोर्टच्या आरटीएस किंवा डीटीआर लाईनवर असेल तर रिग क्षणभर प्रक्षेपण करते. यूएसबी मोडेम वापरत नसाल तर तीही बंद करा. पहिल्यांदा केबल जोडताना अँटेनाऐवजी डमी लोड (शक्ती हवेत न जाऊ देता जिरवणारा भार) लावलेला असावा, सिस्टीम कुठलीही असो.

पोर्टचं नाव निवडताना शेवटी शून्य किंवा एक असलेलं नाव घेऊ नका, दोन उपकरणं जोडली की ते अदलाबदल होतं. ‘बाय-आयडी’ नावाच्या फोल्डरमध्ये चिपच्या अनुक्रमांकासह पक्कं नाव असतं, ते वापरा. एकाच रिगशी लॉगर आणि एफटी८ दोघांना बोलायचं असेल, तर मध्ये एफएलरिग किंवा हॅमलिबचं रिगसीटीएलडी ठेवा. पोर्ट एकच प्रोग्रॅम उघडतो, बाकीचे त्याच्याकडे जातात. विंडोजवर हेच काम ऑम्नीरिग करतं.

मॅकवाल्यांसाठी थोडक्यात. डब्ल्यूएसजेटी-एक्स पहिल्यांदा उघडताना सिस्टीम अडवते, सुरक्षेच्या सेटिंगमध्ये जाऊन मुद्दाम परवानगी द्यावी लागते. सोबतच्या वाचा-मला फाईलमध्ये शेअर्ड मेमरी वाढवण्याची कृती दिलेली आहे, ती वगळू नका. वॉटरफॉल (सिग्नल दाखवणारा पट्टा) कोरा दिसला तर मायक्रोफोनची परवानगी राहिली आहे. पोर्टच्या यादीत ‘टीटीवाय’ आणि ‘सीयू’ अशा जोड्या दिसतात, त्यातला ‘सीयू’ घ्या. एम मालिकेच्या चिपवर बूट कॅम्प नाही, त्यामुळे ‘गरज पडली तर विंडोज टाकू’ हा जुना आधार आता धरता येत नाही.

पायरी ७ : घड्याळ

एफटी८मध्ये तुमचं आणि समोरच्याचं घड्याळ सेकंदाच्या आत जुळावं लागतं. लिनक्सवर क्रोनी (इंटरनेटवरून वेळ जुळवणारी सेवा) टाकलं की काम संपलं. विंडोजची स्वतःची वेळसेवा बऱ्याच अंतराने वेळ तपासते, म्हणून माईनबर्गचं एनटीपी टाकणं चांगलं. इंटरनेट नसलेल्या ठिकाणी जाणार असाल तर यूएसबी जीपीएस घ्या. वेळ सर्व्हर म्हणून आपल्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचाही सर्व्हर वापरता येतो.

तपासायची रीत सोपी. डब्ल्यूएसजेटी-एक्सच्या ‘डीटी’ (वेळेतला फरक, सेकंदांत) स्तंभाकडे पाहा. बहुतेक आकडे शून्याच्या आसपास, ०.१, ०.३, उणे ०.२ असे असतील तर सगळं ठीक. सगळ्याच स्टेशनांपुढे १.४, १.६, १.५ असे एकाच दिशेचे आकडे दिसले, तर तुमचं घड्याळ तेवढं पुढे आहे. आकडे उणे असतील तर मागे.

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांनी पुढचा भाग नीट वाचावा. लिनक्स आतल्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहितं, विंडोज ते स्थानिक वेळ समजून वाचतं. परिणामी लिनक्सनंतर विंडोज उघडलं की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे जातं. इंटरनेट असेल तर ते पुढे दुरुस्त होतं, नसेल तर तसंच राहतं. आणि गंमत बघा, एफटी८ तरीही चालतं! साडेपाच तासांत १५ सेकंदांच्या फेऱ्या पूर्ण संख्येने बसतात, डीटी स्तंभही स्वच्छ दिसतो. फक्त लॉगमधली प्रत्येक वेळ चुकते. लॉटडब्ल्यू दोन्ही बाजूंच्या वेळेत अर्ध्या तासापर्यंतचाच फरक चालवून घेतं, म्हणून पुष्टी येतच नाही, आणि महिनाभर कारण कळत नाही. उपाय एकदाच करायचा: विंडोजच्या रजिस्ट्रीत आतलं घड्याळ यूटीसी आहे असं सांगणारी नोंद घाला, किंवा लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगा. दोन्ही एकदम करू नका.

सिस्टीम बदलूनही न सुटणारा एक त्रास इथेच सांगतो, कारण त्यापायी लोक विनाकारण सगळं पुसून नव्याने टाकतात. प्रक्षेपण सुरू झालं की माऊस अडकतो, यूएसबी तुटते, रिग कायम टीएक्समध्ये (प्रक्षेपणात) राहते. हा रेडिओ लहरी केबलमध्ये शिरण्याचा प्रकार आहे. शक्ती दहा वॅटवर आणून पाहा. त्रास थांबला तर यूएसबी केबलवर फेराईट (लहरी अडवणारं कडं) चढवा, अर्थिंग आणि अँटेनाचा फीडर तपासा. तसंच ७ मेगाहर्ट्झवर गोंगाट वाढलेला असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ऐकून बघा.

मग नेमकं काय घ्यावं?

कॉन्टेस्ट, जेटीअलर्ट किंवा विनलिंकसोबत वारा हवा असेल: विंडोज ११, आणि त्यासाठी यंत्र बदलावं लागलं तरी चालेल. विंडोज ११ न घेणारा जुना लॅपटॉप आहे आणि एफटी८, लॉग, चर्प, एसडीआर एवढंच काम आहे: लिनक्स मिंट, डोळे मिटून. घरात मॅक आहे: आहे तोच वापरा, पण रेडिओसाठी म्हणून नवा मॅक घेऊ नका. दोन्हीकडे पाय ठेवायचा असेल तर एका डिस्कवर दोन सिस्टीम टाकण्यापेक्षा सेकंडहँड लॅपटॉप वेगळा घेणं मला जास्त पटतं, साडेपाच तासांचा घोळही त्यात टळतो.

आणि हा निर्णय फिरवता येतो. तुमचा लॉग एडीआयएफ फाईलमध्ये असतो आणि ती जवळजवळ कुठलंही लॉगिंग सॉफ्टवेअर वाचतं. सिस्टीम पुसण्याआधी डब्ल्यूएसजेटी-एक्समधून ‘ओपन लॉग डिरेक्टरी’ उघडा, तिथली एडीआय फाईल पेन ड्राईव्हवर घ्या. टीक्यूएसएलमधून लॉटडब्ल्यूच्या प्रमाणपत्राचा बॅकअप काढा, ते हरवलं तर नव्याने मागावं लागतं. चर्पमध्ये तुमच्या हँडहेल्डची मूळ प्रतिमा जपून ठेवा. या तीन फाईल नव्या यंत्रावर उघडून पाहिल्याशिवाय जुनी डिस्क पुसू नका.